उन्नतीच्या नावासमोरचा शेरा

दिघाशी, ता. भिवंडी
८ नोव्हेंबर २०२५

आदरणीय बाईंना,
केसरीनाथ तरे यांचा नमस्कार.

तुमची-माझी ओळख नाही. तुमच्या चौथीच्या वर्गातली उन्नती प्रितेश तरे ही माझी नात. प्रगतिपुस्तकात पालकांच्या अभिप्रायासाठी बोटभर जागा सोडली आहे, तिच्यात माझं म्हणणं मावेना, म्हणून वहीचा कागद फाडून हे पत्र लिहितो. तुमचा फोन नंबर आहे माझ्याकडे. पण शिक्षकांशी फोनवर बोलायची मला सवय नाही. आमच्या वेळी मास्तर समोरून आले की आम्ही सायकलवरून खाली उतरायचो. फोनवर उतरायचं कसं?

आमचा प्रितेश भिवंडीत धामणकर नाक्याला राहतो. टेम्पोच्या सुट्या भागांचं त्याचं दुकान आहे. पोरीला शहरातली शाळा मिळावी म्हणून यंदा जूनमध्ये तिला गावच्या शाळेतून काढून तुमच्याकडे घातली. नऊ दिवस आली आणि तापानं पडली. गुडघे सुजले, मग घोटे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सांधेताप आहे आणि हृदयालाही सूज आली आहे. सक्त विश्रांती, जिना चढायचा नाही, दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन. प्रितेशच्या घराखाली कापड विणायचे लूम चालतात, भिंतीला हात लावला तर हातात मुंग्या येतात. तिथे कसली विश्रांती? म्हणून तिला इथे आणली. प्रितेशने रजेचा अर्ज शाळेच्या शिपायाकडे दिला होता. तेव्हापासून पोर आमच्या पडवीत खाटेवर आहे.

परवा प्रितेशने प्रगतिपुस्तक आणलं. परीक्षेला न बसताही श्रेणी दिली आहे, ही सरकारची दया असेल, मला त्यातलं कळत नाही. पण शेवटी शेरा आहे: ‘उन्नती वर्गात सुस्त असते. कामात उत्साह दाखवत नाही. पालकांनी लक्ष द्यावे.’

तेव्हापासून घरात दोन तट पडले आहेत. आमची ठकुबाई, म्हणजे माझी बायको, म्हणते, “पोर सुस्त न्हाय, दुखणाईत हाय. त्या बायला सांगा तसा.” मी म्हटलं, शिकलेली माणसं उगाच पांढऱ्यावर काळं करत नाहीत. नऊ दिवसांत बाईंनी पारख केली असेल. सोनाराला सोनं ओळखायला किती वेळ लागतो? प्रितेशचंही म्हणणं तेच, की आम्ही दोघं म्हातारी तिला लाडावून ठेवतो.

तर एवढंच विचारायचं होतं. ताप यायच्या आधी, शाळेत, ती अशीच होती का? ही मरगळ दुखण्याची आहे की तिचा स्वभावच तसा? दुखण्याची असेल तर आम्ही तिला पडू देऊ. स्वभाव असेल तर त्यावर उपाय सांगा. तुम्ही सांगाल तसं करू.

प्रितेश रोज दुकानाला जाताना शाळेवरूनच जातो. उत्तर शिपायाजवळ ठेवलंत तरी पोचेल.

आपला,
केसरीनाथ तरे


भिवंडी
१२ नोव्हेंबर २०२५

माननीय श्री. केसरीनाथ तरे यांस,
स. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. आपण नातीच्या प्रगतीबाबत जागरूक आहात हे पाहून समाधान वाटले.

प्रगतिपुस्तकातील वर्णनात्मक नोंदी या विद्यार्थ्याच्या प्रत्यक्ष निरीक्षणावर आधारित असतात. उन्नती अल्पकाळ वर्गात होती, तरी तिच्यात उत्साहाची कमतरता तेव्हाही जाणवत होती. प्रश्न विचारला असता ती मान खाली घालून बसत असे. मुलांना आजारपणात पडून राहण्याची सवय लागते व ती पुढे जात नाही, असा अनुभव आहे.

तरी घरी तिला सकाळी वेळेवर उठवावे, लहानसहान कामे सांगावीत, थोडी हालचाल करून घ्यावी. अति लाड टाळावेत. तिच्यात निश्चित बदल दिसेल.

आपल्या सहकार्याबद्दल आभार.

आपली नम्र,
धम्मदिना भालेराव
वर्गशिक्षिका, इयत्ता चौथी


दिघाशी
२७ नोव्हेंबर २०२५

आदरणीय बाईंना,
नमस्कार.

तुमच्या पत्रानंतर लिहायला पंधरा दिवस लागले. त्यातले पाच दिवस आम्ही दवाखान्यात होतो.

तुम्ही सांगितलंत तसं मी केलं. ठकुबाई आडवी आली, तिला म्हटलं, तू मध्ये बोलू नकोस, बाईंचं पत्र आलंय. पोरीला सहाला उठवू लागलो. आधी अंगण झाडायला लावलं, मग वालाच्या वाफ्याला कळशीने पाणी. दोन दिवस तिने केलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “आजोबा, पाय जड झालेत.” मी म्हटलं, सुस्त माणसाचे पाय जडच असतात. असं मी बोललो, बाई. माझ्याच तोंडाने.

गेल्या गुरुवारी तिला गावदेवीला नेली. देवळाला बावीस पायऱ्या आहेत. दहा-बारा चढून बसली. मी वरून हाक मारली, “उठ, सोंगं नकोत.” ती उठली. आणखी चार चढली आणि पडली. खाली येऊन पाहतो तर ओठ निळे. अंगाला घाम. मी सत्तरीचा माणूस, तिला उचलून कसा खाली आलो मला आठवत नाही. रिक्षात ठकुबाईने पोरीला माझ्या मांडीवरून ओढून घेतलं.

आता धोका टळलाय. घरी आणली आहे. पण डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून विचारलं, हिला इतकी विश्रांती सांगूनही पायऱ्या का चढवल्यात? मी तुमचं पत्र दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. म्हणाल्या, ताप जूनअखेरचा, आणि शिक्षिका लिहितात की त्याआधी वर्गातच मूल मरगळलेलं होतं. म्हणजे हृदयाचं दुखणं जुनं असणार, आपण समजत होतो त्याच्या बरंच आधीचं. तसं असेल तर औषध बदलावं लागेल आणि तिला मुंबईला नेऊन मोठ्या तपासण्या कराव्या लागतील. नळी घालून तपासतात तसलं काहीतरी. तुमचं पत्र त्यांनी फाइलला लावून घेतलं आहे.

तुमचा यात दोष नाही. तुम्ही दिसलं ते लिहिलंत, म्हणूनच तर हे उघड झालं. फक्त जरा नीट आठवून लिहा. जूनमध्ये वर्गात तिला धाप लागायची का? पायांना सूज होती का? मान खाली घालायची म्हणता, ती झोप होती की ग्लानी? डॉक्टरीणबाई सोमवारी ठरवणार आहेत. तुमच्या उत्तरावर बरंच काही आहे.

आपला,
केसरीनाथ तरे


भिवंडी
२९ नोव्हेंबर २०२५

तरे आजोबा,

हे पत्र आधी डॉक्टरांना दाखवा, मग बाकीचं वाचा. उन्नतीला मी कधीही पाहिलेलं नाही. जूनमध्ये मी या वर्गावर नव्हतेच. मी चौदा जुलैला आले. ती वर्गात सुस्त होती, मान खाली घालायची, हे सगळं खोटं आहे. माझं पत्र फाइलमधून काढायला सांगा. त्यातल्या एकाही शब्दावर औषध ठरू नये. हे लिहायला बसण्याआधी प्रितेशभाऊंच्या दुकानात जाऊन डॉक्टरांचा नंबर मागून घेतला आणि तिथूनच त्यांना फोनवरही हेच सांगितलं. प्रितेशभाऊ समोर उभे राहून ऐकत होते. त्यांनी दिलेला चहा मला पिता आला नाही.

आता हे कसं झालं ते सांगते. ते सांगून माझं पाप कमी होणार नाही.

आधीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि वर्ग माझ्याकडे आला. अठ्ठावन्न मुलं. तुमचा रजेचा अर्ज त्यांच्या खणात राहिला असणार, मी शोधलाही नाही. पहिल्या दिवशी हजेरी घेताना ‘उन्नती तरे’ म्हटलं, उत्तर आलं नाही. तिसऱ्या बाकावर एक मुलगी मान खाली घालून बसली होती. बाकी सगळ्यांची नावं लागली होती, तीच उरली होती. मी म्हटलं, “तूच ना उन्नती? हजर म्हणायला काय होतं?” ती म्हणाली, “हजर.” पुढच्या बाकावरची ऋतिका उठून म्हणाली, “मॅडम, ही उन्नती नाहीये.” मी तिला खाली बसवलं. मधे बोललेलं मला आवडत नाही. त्या दिवसापासून तुमची उन्नती रोज हजर आहे. तिच्या नावाने पेपरही लिहिले गेले, जवळजवळ कोरे.

दिवाळीआधी नोंदी भरायच्या होत्या. अठ्ठावन्न मुलांच्या, प्रत्येक विषयाच्या, वर स्वभावाच्या वेगळ्या. आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर तयार वाक्यांची यादी फिरते. मूल आठवायचं, वाक्य निवडायचं, उतरवायचं. उत्साही असते, नीटनेटकी असते, सुस्त असते. तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलीसाठी मला शोधावंही लागलं नाही. लिहिताना मी शेजारच्या बाईंशी फराळाबद्दल बोलत होते, हेही मला आठवतंय.

तुमचं पहिलं पत्र वाचलं तेव्हा मला सगळं कळलं होतं. तुम्ही लिहिलं होतंत, नऊ दिवसांत बाईंनी पारख केली. ते वाक्य वाचून मी पत्र पालथं ठेवलं. खरं लिहिलं असतं तर हजेरीपट उघडावा लागला असता. चार महिने गैरहजर मुलीला हजर दाखवलंय, परीक्षेत दुसरंच मूल बसवलंय, हे मुख्याध्यापकांना सांगावं लागलं असतं. माझी नोकरी पक्की नाही. म्हणून मी साळसूदपणे तुम्हालाच उपदेश केला. ‘डॉक्टरांना विचारून’ एवढं तरी लिहायला हवं होतं. ते मुद्दाम लिहिलं नाही, कारण डॉक्टर तारखा विचारतील अशी भीती होती.

तुम्ही तिला ज्या पायऱ्या चढायला लावल्यात, त्या मी चढायला लावल्या. माझे वडील सुगत भालेराव रंगारी होते. पाट्या रंगवायचे. पाटी उन्हात राहते, पावसात राहते, म्हणून एकेक अक्षर दुकानदाराला विचारून मग काढायचे. मी त्यांची मुलगी आहे. मला आज त्यांच्या फोटोकडे पाहवत नाही.

माफी मागायची माझी लायकी नाही, तरी मागते.

धम्मदिना


दिघाशी
२ डिसेंबर २०२५

बाईंना,

काल डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. तुमचं आधीचं पत्र त्यांनी फाइलमधून काढून माझ्या हातात दिलं. मुंबईच्या मोठ्या तपासणीचं आता कारण नाही म्हणाल्या. औषध तेच. विश्रांती पुन्हा पहिल्यापासून, आणखी सहा महिने. या वर्षीची शाळा गेली.

तुमचं पत्र मी ठकुबाईला वाचून दाखवलं. तिने तुम्हाला शिव्या दिल्या नाहीत, मला दिल्या. म्हणाली, “ती बाय तिथं बसलेली, तिला काय दिसनार? तुमच्या समोर खाट व्हती. तुमचं डोले काय गहान व्हते?” हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात. मला आरसाच खरा वाटला. माझ्यासमोर पोरीचे पाय सुजत होते, आणि मी खिशातलं पत्र काढून बघत होतो.

तेव्हा तुम्ही एकट्याच लाजू नका. पण तुम्हाला माफ केलं असंही मी लिहिणार नाही. पोर पायरीवर पडलेली दिसते मला. ज्या दिवशी दिसायची थांबेल त्या दिवशी बघू.

एक गोष्ट मात्र मला पत्र वाचल्यापासून टोचते आहे. तुम्ही दोन पानं लिहिलीत. स्वतःबद्दल लिहिलंत, वडिलांबद्दल लिहिलंत, उन्नतीबद्दल लिहिलंत. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, हे कळलं. पण बाई, ती तिसऱ्या बाकावरची पोर कोण? तिला तुम्ही चार महिने माझ्या नातीच्या नावाने हाक मारलीत. तिचं नाव तुमच्या पत्रात नाही. तुम्हाला ठाऊक तरी आहे का? आणि ती मान खाली घालून का बसते, हे कुणी विचारलं का? आमची पोर नुसत्या कागदावर सुस्त होती, तरी तिचं हे झालं. ती तर रोज समोर बसते.

केसरीनाथ तरे


भिवंडी
१३ डिसेंबर २०२५

तरे आजोबा,

मला तिचं नाव ठाऊक नव्हतं. तुमचं पहिलं पत्र आल्यानंतरही तीन आठवडे मी तिला रोज ‘उन्नती’ म्हणत होते. विचारलं तर प्रकरण उघडं पडेल म्हणून विचारलं नाही.

तुमचं पत्र मिळालं त्या दिवशी मी तिच्या बाकाशी जाऊन बसले. विचारलं, तुझं नाव काय? ती म्हणाली, “उन्नती.” मी म्हटलं, नाही, घरचं. ती रडायला लागली. तिला वाटलं तिचं काहीतरी चुकलंय.

शाळा सुटल्यावर तिच्याबरोबर तिच्या घरी गेले. आई एका कारखान्यात लूमसाठी सुताच्या कांड्या भरते, वडील तिथेच लूमवर आहेत. तेलंगणातली माणसं, जुलैमध्ये इथे आली. आधीच्या शाळेचा दाखला यायचा आहे, म्हणून नाव पटावर चढलं नव्हतं. ‘तोवर बसू दे वर्गात,’ असं कार्यालयातून सांगितलं होतं म्हणे, मला तो निरोपही पोचला नव्हता. मुलीचं नाव लावण्या. कोडम लावण्या. आईने माझ्यासमोर तिचं दप्तर ठेवलं. त्यावर रंगीत दोऱ्याने ‘उन्नती तरे’ असं भरलं होतं. आईला मराठी वाचता येत नाही. मुलीच्या पेपरावरून बघून तिने अक्षर न् अक्षर उतरवलं होतं. मला म्हणाली, “टीचर, स्कूल ने नया नाम दिया ना? हमने सोचा, यहाँ ऐसा ही होता होगा. अच्छा नाम है.”

आजोबा, मी मान खाली घातली. चार महिने त्या मुलीला जे करताना बघत होते तेच केलं.

ती मरगळलेली वगैरे काही नाही. तिला मराठी येत नाही, एवढंच. घरी धाकट्या बहिणीशी तेलुगूत इतकं बोलत होती की आई तिला गप्प करत होती. मी तिच्याशी एकदाही हिंदीत बोलून पाहिलं नव्हतं. भिवंडीत मी भाजीवाल्याशी हिंदीत बोलते, रिक्षावाल्याशी बोलते.

दुसऱ्या दिवशी सगळं लिहून मुख्याध्यापकांना दिलं. मला खुलासा मागणारी नोटीस मिळाली आहे. जानेवारीनंतर वर्ग माझ्याकडे राहील की नाही, सांगता येत नाही. वर्गातही मुलांसमोर सांगितलं की ही उन्नती नाही, लावण्या आहे, आणि चूक माझी आहे, तिची नाही. ऋतिकाने ते आधीच सांगितलं होतं, हेही सांगितलं. काही मुलं हसली. लावण्याही हसली, बहुधा सगळे हसतात म्हणून.

प्रगतिपुस्तक दुरुस्त करून सोबत पाठवते आहे. शाळेच्या कागदात खाडाखोड चालत नाही, चुकीच्या मजकुरावर एक सरळ रेघ मारून सही करावी लागते. म्हणून तो शेरा अजून खाली दिसेल. त्याला माझा इलाज नाही.

उन्नतीचा अभ्यास बुडू नये म्हणून एक कागदही ठेवला आहे. चार शब्द दिले आहेत, पडल्यापडल्या त्यांची वाक्यं करायची. बरं वाटेल तेव्हाच. न केलं तरी चालेल.

धम्मदिना


दिघाशी
२१ डिसेंबर २०२५

बाईंना उन्नतीचा नमस्कार.

मी तुम्हाला बघितलं नाही, पण तुमचं अक्षर बघितलंय. हे पत्र मी स्वतः लिहिते आहे. आजोबा म्हणाले, मी बघणार नाही, तुला हवं ते लिही. ते अंगणात जाऊन बसलेत. आता ते मला सकाळी उठवत नाहीत. मी उठले की खाटेजवळ बसलेले असतात आणि माझे पाय बघतात.

तुम्ही दिलेल्या शब्दांची वाक्यं अशी आहेत.

पडवी – आमच्या पडवीत दुपारी कोंबड्या येतात.
कडू – गोळी कडू आहे पण आजी वर गूळ देते.
धीट – आमची आजी आजोबांना ओरडते, ती धीट आहे.
मैत्रीण – लावण्या माझ्या जागेवर बसते, ती माझी मैत्रीण होईल.

तुम्ही सुस्त शब्द दिला नाही. आजी म्हणाली, तो शब्द आता खोडला. पण मला त्याचं वाक्य येतं. ‘मी सुस्त आहे.’ हे मी मनात खूप वेळा केलं आहे. पाणी घालताना केलं आणि देवळाच्या पायरीवर पण केलं. तिथे मला खूप दम लागला होता. मी आजोबांना सांगणार होते. पण मला वाटलं, सुस्त मुलींना असंच होत असेल, म्हणून सांगितलं नाही. हे मी आजोबांना अजून सांगितलेलं नाही, तुम्ही पण सांगू नका. ते रडतील.

जूनमध्ये मी परत शाळेत येणार आहे. वर्ग वरच्या मजल्यावर आहे ना? जिन्यात दम लागला तर तुम्हाला सांगू का?

तुमची विद्यार्थिनी,
उन्नती प्रितेश तरे